ऑनलाइन दुकान वाढतंय? होस्टिंग निवडायचं आणि बदलायचं कोणत्या क्रमाने

दुकानाची वेबसाइट हळू झाली की बहुतेक जण सगळ्यात आधी होस्टिंग कंपनीचं (वेबसाइट ज्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू संगणकावर, राहते तिथली जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीचं) प्लॅनचं पान उघडतात. तिथे तीन-चार रकाने असतात, मधल्यावर 'सर्वाधिक लोकप्रिय' अशी पट्टी असते, आणि तोच घेतला जातो. पैसे भरले, साइट हलवली, आणि पुढच्या गर्दीच्या दिवशी चेकआउट (पैसे भरण्याचं पान) पुन्हा अडकलं. हे वारंवार घडतं, कारण क्रम उलटा असतो. आधी आपल्या दुकानाचे आकडे, मग दुखणं नेमकं कुठे आहे याचा शोध, मग सर्व्हर कोण सांभाळणार हे ठरवणं, आणि त्यानंतर होस्टिंगचा प्रकार. प्लॅनचं पान अगदी शेवटी.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरतो. देवगडचा किंवा रत्नागिरीचा बागायतदार, वर्डप्रेस (वेबसाइट बनवण्याचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्यावर दुकान चालवणारी जोड) हापूसच्या पेट्यांचं बुकिंग घेणारा. वर्षातले आठ-नऊ महिने साइटवर तुरळक माणसं. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत झुंबड. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्यांचं किंवा लग्नसराईत पैठण्या विकणाऱ्यांचं गणित थोड्याफार फरकाने असंच असतं.

टप्पा १: आकडे कागदावर घ्या

१. गर्दीच्या दिवशी, सगळ्यात गर्दीच्या तासात किती माणसं आली? महिन्याची बेरीज इथे उपयोगाची नाही. महिनाभरात तीस हजार माणसं पसरून येणं वेगळं आणि त्यातली तीन हजार एकाच सकाळी येणं वेगळं. सर्व्हर कोसळतो तो त्या सकाळी.

२. त्याच तासात ऑर्डरी किती झाल्या आणि किती कार्ट अर्धवट राहिल्या?

३. मुखपृष्ठ, एखाद्या पेटीचं पान, कार्ट आणि चेकआउट या चार पानांचा पहिला प्रतिसाद किती वेळात येतो? क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबवर हा वेळ दिसतो. इनकॉग्निटो विंडोत, लॉगइन न करता मोजा, आणि कार्टमध्ये एक पेटी टाकून मगच कार्ट व चेकआउट मोजा. रिकाम्या कार्टचा वेळ फसवा असतो. पहिला बाइट ०.८ सेकंदांच्या आत आला तर गूगलच्या निकषात तो चांगला धरला जातो.

४. सध्याच्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये रिसोर्स युसेज नावाचं पान असेल तर गर्दीच्या दिवसाचा आलेख काढा. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी, डिस्कचं वाचन-लेखन आणि एंट्री प्रोसेस (एकाच वेळी चालणाऱ्या मागण्या) यांपैकी नेमकी कोणती रेषा मर्यादेला टेकली ते लिहून ठेवा.

५. फाइल्स, डेटाबेस आणि ईमेल मिळून किती जागा लागते, आणि फाइल्सची एकूण संख्या किती? एक फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या वेगवेगळ्या मापांच्या अनेक प्रती बनवतो, त्यामुळे हा आकडा वाटतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो. पुढे 'अमर्याद जागा' देणाऱ्या प्लॅनमध्ये हाच आकडा आडवा येतो.

तपासा: पाचही उत्तरं कागदावर नसतील तर पुढे जाऊ नका. हंगाम सरला असेल आणि आलेख पुसले गेले असतील तर होस्टिंग कंपनीला लिहून मागा. काही ठिकाणी जुन्या नोंदी मिळतात.

टप्पा २: दुखणं होस्टिंगचं आहे का, ते आधी ठरवा

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

लोगोच्या फाइलसारखी साधी फाइलसुद्धा उशिरा येत असेल तर दोष सर्व्हरचा, नेटवर्कचा किंवा अंतराचा आहे. मुखपृष्ठ झटकन उघडतं पण कार्ट आणि चेकआउट रेंगाळतात, असं असेल तर दोष बहुधा पीएचपीचा (पानं तयार करणारी प्रोग्रॅमिंग भाषा), डेटाबेसचा किंवा प्लगइनचा (वर्डप्रेसला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) आहे. मुखपृष्ठाची तयार प्रत कॅशेतून (बनवून ठेवलेल्या पानांच्या साठ्यातून) देता येते. कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही पानं प्रत्येक ग्राहकासाठी नव्याने बनवावी लागतात, तिथे कॅशे चालत नाही. म्हणून चाचणी नेहमी चेकआउटची करा. मुखपृष्ठाचे गुण बघून खूश होण्यात काही अर्थ नाही.

साइटची एक चाचणी-प्रत बनवा आणि त्या प्रतीवर हे करून बघा:

पीएचपीची आवृत्ती जुनी असेल तर चालू पाठबळ असलेल्या आवृत्तीवर न्या. क्वेरी मॉनिटर हे प्लगइन बसवून कोणत्या प्लगइनमुळे डेटाबेसला किती प्रश्न जातात ते पाहा. वर्डप्रेसच्या साइट हेल्थ पानावर ऑटोलोड होणाऱ्या (दर वेळी आपोआप वाचल्या जाणाऱ्या) पर्यायांबद्दल इशारा दिसतो का बघा. वर्षानुवर्षं प्लगइन टाकून काढले की त्यांचा कचरा तिथे साठतो आणि प्रत्येक पान उघडताना तो सगळा वाचला जातो. साधारण ८०० केबीच्या वर गेला की साफसफाई हवीच. वर्डप्रेसची वेळापत्रकाची कामं माणसं साइटवर आली की त्यांच्या भेटीवर चालतात. ही पद्धत बंद करून ती कामं सर्व्हरच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीवर) लावा, नाहीतर ऐन गर्दीत तीच कामं जागा अडवतात. मोबाइलवरून थेट चढवलेले चार-पाच एमबीचे आंब्याचे फोटो लहान करा.

एवढं केल्यावर काय हाती लागतं त्याचा हिशेब मांडू. समजा तुमच्या प्लॅनमध्ये एका वेळी ४ पीएचपी वर्कर चालतात, म्हणजे कॅशेत नसलेली चार पानं एकाच वेळी बनू शकतात. चेकआउटसारखं पान बनायला १.५ सेकंद लागत असेल तर मिनिटाला १६० पानं बनतील. पेटी निवडण्यापासून पैसे भरेपर्यंत एक ग्राहक अशा दहा मागण्या करतो असं धरलं, तर मिनिटाला सोळा ग्राहक. त्यापुढचा सतरावा रांगेत. आता साफसफाई करून तोच वेळ ०.६ सेकंदांवर आणला, तर त्याच होस्टिंगवर मिनिटाला ४०० पानं, म्हणजे चाळीस ग्राहक. अडीचपट मोठा सर्व्हर विकत घेतल्याइतका फरक, एक रुपयाही मासिक खर्च न वाढवता.

आता तुमचा गर्दीचा तास या हिशेबात बसवा. सकाळी दहाला व्हॉट्सअॅपवर 'बुकिंग सुरू' असा निरोप गेला आणि पाच मिनिटांत दोनशे जण खरेदीला आले, तर मिनिटाला चाळीस ग्राहक झाले. निरोप चार तुकड्यांत, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाठवला तरी हा ताण बराच उतरतो.

सावधान: चालू दुकानावर प्लगइन बंद-चालू करून प्रयोग करू नका. पेमेंट किंवा शिपिंगचं प्लगइन पाच मिनिटं बंद राहिलं तरी ऑर्डरी बिघडतात.

टप्पा ३: रात्री सर्व्हर बंद पडला तर कोण बघणार?

प्रकार निवडण्याआधी या प्रश्नाचं उत्तर नावानिशी लिहा. माझ्या मते मेमरी आणि सीपीयूच्या आकड्यांपेक्षा या उत्तरावर निवड जास्त अवलंबून असते, आणि असायला हवी.

अनमॅनेज्ड सर्व्हर म्हणजे रिकामी मशीन. ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट, फायरवॉल (नको त्या मागण्या अडवणारी सोय), डेटाबेसची मांडणी, बॅकअप, नोंदींच्या फाइल्सनी डिस्क भरली तर ती रिकामी करणं, हे सगळं तुमच्याकडे. कंपनी फक्त मशीन आणि नेटवर्क चालू ठेवते. 'माझा भाचा बघतो' हे उत्तर चालेल, पण भाच्याची परीक्षा मे महिन्यात असेल तर दुसरं नाव हवं. नावच नसेल तर अनमॅनेज्ड व्हीपीएस (सर्व्हरचा राखीव भाग) कितीही स्वस्त दिसला तरी यादीतून काढून टाका.

मॅनेज्ड या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काही कंपन्यांच्या मॅनेज्डमध्ये फक्त ऑपरेटिंग सिस्टिम येते. वर्डप्रेस बंद पडलं तर 'हे आमच्या कक्षेत नाही' असं उत्तर येतं. काय येतं आणि काय येत नाही, ते ईमेलवर लेखी घ्या.

तपासा: डोमेन (साइटचं नाव-पत्ता) कोणाच्या नावावर आहे? साइट बनवून देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर डोमेन नोंदवलेलं असणं हे आपल्याकडे सर्रास दिसतं. होस्टिंग बदलण्याची वेळ आली की तोच फोन उचलत नाही. डोमेनचं खातं, त्याचा ईमेल आणि मोबाइल नंबर आधी तुमच्या ताब्यात घ्या.

टप्पा ४: आता प्रकार निवडा

शेअर्ड होस्टिंग. एका सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या साइट, प्रत्येकाला ठरावीक वाटा. वाटा संपला की ग्राहकाला ५०८ किंवा ५०३ अशी चूक दिसते. दुकान नवं असेल, गर्दीच्या तासातही मिनिटाला मोजकेच ग्राहक येत असतील, तर इथेच थांबा. पुरेसं आहे ते बदलू नका.

मॅनेज्ड वर्डप्रेस. अपडेट, कॅशे, बॅकअप आणि चाचणी-प्रत कंपनी बघते. तांत्रिक माणूस नसलेल्या पण विक्री वाढत असलेल्या दुकानाला मी बहुतेक वेळा हाच सुचवतो. घेताना दोन प्रश्न विचारा: पीएचपी वर्कर किती, आणि बंदी असलेल्या प्लगइनच्या यादीत आपलं एखादं आहे का? काही कंपन्या दर महिन्याच्या भेटींवर मर्यादा घालतात आणि तिच्यावर गेलं की जादा आकारतात. आंब्याच्या हंगामात ती मर्यादा पंधरा दिवसांत संपू शकते.

व्हीपीएस. मशीनचा तुमच्या नावाचा राखीव भाग. वर्कर किती ठेवायचे ते तुम्ही ठरवता, पण ते मेमरीत मावले पाहिजेत. वूकॉमर्सच्या एका वर्करला शंभर एमबीच्या आसपास धरा. २ जीबीच्या व्हीपीएसमधून ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसला एक जीबी सोडला तर दहाच्या आत वर्कर बसतात. जास्त ठेवले तर मेमरी संपते, आणि अशा वेळी सिस्टिम अनेकदा डेटाबेसच बंद करते. म्हणजे दुकानच बंद.

क्लाउड. गरजेप्रमाणे लहान-मोठी करता येणारी भाड्याची मशीन. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून जरा थांबतो. क्लाउडवर एक मशीन घेतली म्हणजे गर्दी झाली की ती आपोआप मोठी होते, असं नाही. एक मशीन ही एकच मशीन असते. ती मोठी करायची तर सहसा बंद करून पुन्हा चालू करावी लागते. आपोआप वाढायचं असेल तर अनेक मशीन, त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर (मागण्या वाटून देणारा), डेटाबेस वेगळा, फोटो वेगळ्या साठ्यात अशी मांडणी लागते, आणि ती करणारा माणूसही लागतो.

त्यात स्वस्त क्लाउड मशीनची एक खोच आहे. अॅमेझॉनच्या टी गटातल्या मशीन किंवा त्यांच्याच लाइटसेल या सेवेचे बरेचसे प्लॅन सीपीयूची पूर्ण ताकद सतत देत नाहीत. मशीन निवांत असते तेव्हा क्रेडिट साठतं, गर्दीत ते खर्च होतं. संपलं की काही ठिकाणी वेग मूळ पातळीवर येतो, काही ठिकाणी जादा बिल लागतं. पाच मिनिटांच्या चाचणीत अशी मशीन झकास पळते आणि अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत दमते. दिवसभर गर्दी राहणार असेल तर पूर्णवेळ सीपीयू देणारी मशीन घ्या. शिवाय बाहेर जाणाऱ्या डेटाचे, बॅकअपच्या प्रतींचे वेगळे पैसे लागू शकतात. खर्च ठरावीक रकमेवर गेला की ईमेल येईल असा इशारा पहिल्याच दिवशी लावा.

हंगामी धंद्याला क्लाउडचा खरा फायदा वेगळाच आहे: तीन महिने मोठी मशीन, नऊ महिने लहान. फक्त मोठी करताना डिस्क वाढवू नका, सीपीयू आणि मेमरीच वाढवा. डिस्क एकदा वाढवली की बहुतेक ठिकाणी परत लहान करता येत नाही, आणि मग मशीनही खाली आणता येत नाही.

डेडिकेटेड सर्व्हर. आख्खी मशीन. आपल्या उदाहरणातल्या दुकानाला नको.

तयार दुकान-सेवा. शॉपिफायसारख्या सेवेत होस्टिंगचा प्रश्नच उरत नाही. टप्पा ३ मध्ये एकही नाव लिहिता आलं नसेल तर याचा मोकळ्या मनाने विचार करा. मात्र पिनकोडनुसार वेगळा भाव, पेटीतल्या डझनांनुसार वेगळं वजन, अशा तुमच्या खास गरजा तिथे बसतात का, ते चाचणीच्या मुदतीतच बघून घ्या.

टप्पा ५: पैसे भरण्याआधीची छाननी

सर्व्हर कुठे आहे? ग्राहक मुंबई-पुण्यात असतील तर सर्व्हर भारतातच हवा. अॅमेझॉनची क्लाउड केंद्रं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत, गूगलची मुंबई आणि दिल्लीत, मायक्रोसॉफ्टचं एक पुण्यात, डिजिटलओशनचं बंगळुरूत. प्लॅन घेताना केंद्र निवडायचं राहून गेलं की साइट थेट अमेरिकेत किंवा युरोपात जाऊन बसते. फराळ अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी उलटा विचार करायचा: ऑर्डर देणारा तिथे बसलेला आहे की इथले आई-वडील पैसे भरतात?

रिन्यूअलचा भाव काय? जाहिरातीतला भाव पहिल्या मुदतीचा असतो, पुढचा अनेकदा दुपटीहून जास्त. तुलना तीन वर्षांच्या एकूण खर्चाची करा, त्यात १८ टक्के जीएसटी धरा आणि बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक येईल का ते विचारा.

पैसे कसे कापले जातात? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप जाणाऱ्या अशा देयकांत १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो, आणि परदेशी कंपन्यांची लहान बिलंही भारतीय कार्डांवर कधी कधी अडकतात. बिल अडकलं, ईमेल कोणी वाचला नाही, सर्व्हर बंद झाला, असं ऐन हंगामात व्हायला नको. आगाऊ रक्कम भरून ठेवता येत असेल तर भरा.

'९९.९ टक्के अपटाइम' म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटं बंद राहिलं तरी कंपनीने शब्द पाळला. नुकसानभरपाई बहुधा पुढच्या बिलात सूट एवढीच, बुडालेल्या ऑर्डरींची नाही.

बॅकअप कुठे ठेवतात? मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांचे बॅकअपही तिथेच होते अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. तुमची एक प्रत वेगळ्या कंपनीकडे आणि वेगळ्या शहरात हवी.

तपासा: विकत घेण्याआधी रविवारी रात्री कंपनीच्या मदत विभागाला एक तांत्रिक प्रश्न पाठवा, उदाहरणार्थ वर्करची संख्या. उत्तर किती वेळात आणि किती नेमकं येतं, त्यावरून पुढची दोन वर्षं कशी जातील ते कळतं.

टप्पा ६: साइट हलवा, पण हंगामाबाहेर

आंब्यासाठी जून ते ऑगस्ट, फराळासाठी दिवाळीनंतरचे महिने. 'गर्दी सुरू झाली, आता पटकन मोठ्यावर जाऊ' हा निर्णय सगळ्यात महाग पडतो.

१. डीएनएसच्या (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या यादीच्या) सगळ्या नोंदी उतरवून घ्या. ईमेलची एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम आणि पडताळणीच्या टीएक्सटी नोंदी त्यात आहेत ना बघा.

२. फाइल्स आणि डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घेऊन एक प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवा.

३. नव्या सर्व्हरवर प्रत चढवा. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसमोर नव्या सर्व्हरचा पत्ता लिहिला की फक्त तुम्हाला नवी साइट दिसते, ग्राहकांना जुनीच. या अवस्थेत चेकआउटपर्यंत सगळं तपासा.

४. याच प्रतीवर, कंपनीला कळवून, केसिक्ससारख्या साधनाने ताण-चाचणी (खोटी गर्दी करून बघण्याची चाचणी) घ्या. लक्ष्य टप्पा २ मधला तुमचा मिनिटाचा आकडा आणि त्यावर निम्मा आणखी. चाचणी किमान अर्धा तास चालवा, म्हणजे क्रेडिटवर पळणारी मशीन उघडी पडण्याची शक्यता वाढते.

५. बदलाच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (नोंद किती वेळ जपून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा.

६. रात्री उशिरा जुन्या साइटला मेंटेनन्स मोडमध्ये टाका, मग शेवटचा डेटाबेस नव्यावर न्या. ही पायरी गाळली तर मधल्या ऑर्डरी जुन्या डेटाबेसमध्ये पडून राहतात आणि ग्राहक पैसे भरून पेटीची वाट बघत बसतो.

७. फक्त ए नोंद (साइटच्या सर्व्हरचा पत्ता) बदला, आणि त्याच नावाची आयपीव्ही६ साठीची नोंद असेल तर तीही. नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलू नका.

८. एसएसएल प्रमाणपत्र (साइटची जोडणी सुरक्षित करणारं) लागलं का आणि त्याचं आपोआप नूतनीकरण चालू आहे का, दोन्ही बघा. मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, त्यामुळे ही चूक तीन महिन्यांनी उगवते.

९. खरी ऑर्डर टाका. यूपीआयने पैसे भरा, ऑर्डर 'प्रोसेसिंग'वर जाते का, ईमेल आणि एसएमएस येतात का, पैसे परत करता येतात का, हे सगळं तपासा. पैसे गेले पण ऑर्डर 'पेंडिंग'च राहिली तर पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) वेबहुक, म्हणजे पैसे मिळाल्याचा आपोआप येणारा निरोप, पोचत नाहीये. फायरवॉल आधी बघा.

१०. वेळापत्रकाची कामं नव्या सर्व्हरच्या क्रॉनवर लावली का ते बघा.

सावधान: अनेक क्लाउड कंपन्या ईमेल पाठवण्याचं २५ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवतात. ऑर्डरचे ईमेल जात नसतील तर वेगळी ईमेल सेवा जोडा. तसंच तुमची ईमेल खाती जुन्या होस्टिंगवरच असतील तर ते होस्टिंग बंद करण्याआधी खाती दुसरीकडे न्या. साइट, ईमेल आणि डोमेन एकाच रात्री हलवू नका. काही बिघडलं तर कशामुळे ते सापडत नाही.

जुनं होस्टिंग महिनाभर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी गेटवेच्या डॅशबोर्डवरची देयकं आणि वूकॉमर्समधल्या ऑर्डरी एकेक करून जुळवा.

टप्पा ७: हंगामाआधीचं वेळापत्रक

गुढीपाडव्याच्या महिनाभर आधी बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उघडून साइट खरंच उभी राहते का बघा. तीन आठवडे आधी मशीन मोठी करा आणि ताण-चाचणी पुन्हा घ्या, कारण वर्षभरात प्लगइन बदललेले असतात. दोन आठवडे आधी प्लगइनचे अपडेट थांबवा. त्यानंतर फक्त सुरक्षेचे. बाहेरून दर पाच मिनिटांनी चेकआउटचं पान तपासणारी सेवा लावा, इशारा दोन जणांच्या फोनवर जाऊ द्या, आणि डिस्क ८० टक्के भरली की वेगळा इशारा ठेवा. कार्डाची मुदत, डोमेनची मुदत आणि होस्टिंगचं रिन्यूअल यांपैकी काहीही मार्च ते मे यांत येत असेल तर फेब्रुवारीतच उरकून घ्या. शेवटची पेटी रवाना झाली की त्या हंगामाचे आलेख उतरवून ठेवा, आणि मगच मशीन लहान करा.